रकाना सोळावा

मोखोत्लोंगच्या वर, डांबर संपतं तिथून पुढे
आणखी सव्वा तास, आणि शाळेच्या पायथ्याशी नदी.
मी मासेरूहून आलेय मोजायला :
वर्गात तंत्रज्ञान किती मुरलंय.
'मुरलंय' हा शब्द माझा.
तक्त्यात 'एकात्मता' आहे, आणि तिच्या चार पायऱ्या.

दारात मे लिमाकात्सो.
इथे बाईंना मे म्हणतात, आईलाही.
खांद्यावर घोंगडी, हातात किल्ल्यांचा जुडगा.
कपाट उघडलं. टॅब बावीस.
एकोणीस चालू. तिघांची पोटं फुगलेली,
त्यातला एक वाऱ्याने दार आपटू नये म्हणून
उंबऱ्याशी कामाला लावलेला.
हे धोक्याचं आहे, मी म्हटलं.
वारासुद्धा, त्या म्हणाल्या.
मी लिहिलं : एकोणीस.

मग पाठ. अपूर्णांक.
पडद्यावर पिझ्झाचे आठ तुकडे.
कोणी खाल्लाय का, हे तक्त्यात नव्हतं,
म्हणून विचारलं नाही.
बोटं सराईत फिरत होती,
आणि मागच्या बाकावरचा मोत्लात्सी
प्रश्न उमटायच्या आत ओरडत होता,
तीन अष्टमांश! तीन अष्टमांश!
बाईंनी त्याच्याकडे फक्त पाहिलं.
मीही अठरा वर्षं शिकवलंय.
तपासनीस येणार म्हणून आदल्या दिवशी बसवलेला पाठ
मला वासावरून कळतो.
खाली मान घालून दिली : पायरी तिसरी.

सुट्टीत एक टॅब कमी.
"मोसेलांत्जाकडे. येईल मिनिटात."
खिडकीतून दिसली. अकरा वर्षांची असेल,
नाव असं, कुत्र्याची शेपटी,
की मरणाला तिच्याकडे वळून बघावंसं वाटू नये.
उतारावरून धावत गेली,
एका धोंड्यावर उभी राहिली,
नदीतल्या दुसऱ्या धोंड्याचा फोटो काढला,
परत आली.
बस, इतकंच.

रोज. त्याच जागेवरून, त्याच वेळी. एक्केचाळीस दिवस.
नदीतल्या धोंड्यावर चुन्याच्या आठ रेघा.
आणि वर्गाच्या मागच्या भिंतीवर कोळशाने काढलेला आलेख,
जो मी आल्या आल्या ओल समजले होते.

"तीन रेघांपर्यंत गाढव उतरतं,
पाचाच्या पुढे गाडीसुद्धा नाही."
"हे अभ्यासक्रमात आहे?"
"नाही."
"मग कोणी सांगितलं करायला?"
"मोत्लात्सीचा भाऊ मेंढ्या घेऊन येत होता,
गेल्या साली..."
वाक्य त्यांनी तिथेच ठेवलं, झाकण न लावता.
आणि मला कळेना,
तो पोरगा सकाळी पिझ्झाचं उत्तर देत होता
की पाण्याचं.

रकाना सोळावा : दररोज वापर, मिनिटांत.
मी लिहिलं : एक.
तक्ता क्षणभर विचारात पडल्यासारखा झाला,
मग लाल झाला. पायरी पहिली.
तिसरी होती ती गेली.
'इतर निरीक्षणे' : तीन ओळी.
कोळसा, चुना, भाऊ,
एवढ्यातच दोन संपल्या.

मे म्हणाल्या, "वर आभाळ काळं आहे. पाचाच्या आत निघा."
मी हो म्हटलं, आणि बसले
कागदी घोड्यांना खरारा करत आणखी अर्धा तास.

आता उताराशी गाडी उभी.
सेखोन्याना ड्रायव्हरने इंजिन बंद केलंय,
काही न बोलता, आणि ते न बोलणं मला ऐकू येतंय.
धोंड्याच्या सहा रेघा पाण्यात.
माझा अहवाल पूर्ण आहे. रेंज नाही.

वरून घोंगडीत गुंडाळलेली एक लहान आकृती उतरतेय,
पोटाशी काहीतरी चौकोनी धरून.
धोंड्यावर उभी राहिली.
आज दुसऱ्यांदा, आणि ठरल्या वेळी नाही.
फोटोत आमची गाडीही आली असणार.

मी तक्ता पुन्हा उघडते.
सोळावा रकाना. एक खोडून
दोन.